वालेन्सियाच्या फायास उत्सवात थर्माकोल जाळणं थांबवावं का?

मीठभाकर: स्पेनमधल्या वालेन्सियात १५ ते १९ मार्चला चौकाचौकांत पुतळ्यांचे अवाढव्य देखावे उभे राहतात आणि १९ला, सेंट जोसेफच्या दिवशी, रात्री पेटवले जातात. हा सुतारांचा संत. वसंत आला की सुतार उरलंसुरलं लाकूड त्याच्या नावानं जाळत, तिथून हे सुरू झालं असं सांगतात. आज लाकूड उरलंय ते सांगाड्यापुरतं, वरचं बहुतेक थर्माकोल. काळ्याकुट्ट धुराचे लोट उठतात. आग राहू द्या, थर्माकोल घालवा. लाकडी पट्ट्या वाकवून पुतळा घडवायची तिथली जुनी कला आहेच. २०१६ साली युनेस्कोच्या यादीत हा उत्सव गेला, त्यात या कारागिरीचा मोठा वाटा आहे.

उंबरठा: अजिबात पटलं नाही. दरवर्षी लोकांच्या मतानं एक पुतळा आगीतून वाचवतात, १९३४पासून. ते सगळे तिथल्या संग्रहालयात ओळीनं मांडलेत. सुरुवातीचे मेणाचे, मग कागदाच्या लगद्याचे, मग थर्माकोलचे. साहित्य बदलत आलंय, परंपरा तुटली नाही. आणि कारागिराचं काय? लगद्याला आधी मातीचा नमुना, मग प्लास्टरचा साचा, मग कागदाचे थर, मग वाळवण. थर्माकोल तापल्या तारेनं कापला, घासला, कागद लावून रंगवला की झालं. वाढीव मजुरी कोण देणार? धूर तर एका रात्रीचा.

मीठभाकर: एका रात्रीचा, पण साडेतीनशेहून जास्त मंडळांचा, आणि प्रत्येकाचा मुलांसाठी आणखी एक छोटा देखावा असतो. अरुंद गल्ल्यांत अग्निशमनचे जवान आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारत उभे असतात. तो धूर त्यांच्याही छातीत जातो. मेण आणि लगदाही जळायचा हे मान्य, पण म्हणून थर्माकोल चालवून घ्यायचा?

पाणवठा: आपल्याकडे २०१८ला थर्माकोलवर बंदी आली. मखरवाल्यांनी उच्च न्यायालयात सूट मागितली, मिळाली नाही. आज पुठ्ठ्याची सुरेख मखरं मिळतात. कारागीर शिकतो, फक्त वेळ द्यावा लागतो.

उंबरठा: मखर घरात मावतं हो! तिथे वीस मीटर उंच पुतळा वाऱ्यात उभा ठेवायचा असतो. बंदी आणली तर छोटी मंडळं आधी बुडतील.

मीठभाकर: मग बंदी नको. बक्षिसासाठी गुण देताना साहित्यही धरा आणि लाकूड-कागदात काम करणाऱ्या छोट्या मंडळांना पालिकेनं जादा अनुदान द्यावं. याला तरी हरकत आहे का?

उंबरठा: अनुदानाला नाही. गुणांना आहे. बक्षीस कलेचं असतं.