अजिंठ्याला ‘फ्रेस्को’ म्हणायचं का? आणि ‘जोर्नाता’ला मराठीत काय म्हणाल?

खडूफळा:
नमस्कार. मी वाईजवळच्या एका शाळेत एकोणीस वर्षं चित्रकला शिकवते. दिवाळीआधी इंटरमिजिएटच्या मुलांना घेऊन अजिंठ्याला गेले होते. सवयीनं म्हणून गेले, “हे फ्रेस्को नीट बघा.” परत आल्यावर नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, फ्रेस्को म्हणजे?” मी म्हटलं, इटालियन शब्द आहे, अर्थ ‘ताजा’. तर ती म्हणाली, “ताजं काय? रंग का भिंत?”

गिलावा ताजा, असं सांगितलं खरं. पण अजिंठ्याचा गिलावा रंगवताना ओला होता का, हे मला सांगता येईना. इतकी वर्षं मी तो शब्द न तपासता वापरला, याचं फार वाईट वाटतंय. वहीत आणखी शब्द आहेत: सेक्को, स्फुमातो, इम्पास्तो, सिनोपिया, जोर्नाता. अर्थ पाठ आहेत, पण मुलांच्या हाताला लागतील असे मराठी शब्द हवेत. ‘किआरोस्कुरो’ला ‘छायाप्रकाश’, असा एखादाच नीट बसतो.

घाणीचा चुना:
बाई, तुमच्या विद्यार्थिनीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी जुन्या वाड्यांची, देवळांची चुन्यातली दुरुस्ती करतो, त्यामुळे भिंतीच्या बाजूनं सांगतो.

खऱ्या फ्रेस्कोत रंग नुसत्या पाण्यात कालवतात. त्यात डिंक नाही, सरस नाही. चुन्याचा शेवटचा पातळ हात, ज्याला इटालियन लोक इंतोनाको म्हणतात, तो ओला असतानाच रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. रंग त्या दगडात अडकतो. म्हणजे चित्र भिंतीवर नसतं, भिंतीत असतं.

अजिंठ्यात खाली माती, त्यात भाताचं तूस, गवत. वर पांढरा पातळ थर. तो सुकल्यावर सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. हे सेक्को, म्हणजे कोरड्यावरचं काम. त्याला कमी लेखायचं काही कारण नाही, ती वेगळीच विद्या आहे.

आता जोर्नाता. गिलावा सात-आठ तासच रंग घेतो, म्हणून चित्रकार सकाळी जेवढं त्या दिवशी पुरं होईल तेवढाच तुकडा लिंपून घ्यायचा. संध्याकाळी उरलेला गिलावा कापून टाकायचा. बाजूनं उजेड पाडला की ते सांधे आजही दिसतात आणि चित्र किती दिवसांत झालं ते मोजता येतं. आमच्याकडे गवंडी विचारतात, “या भिंतीला किती रोज लागले?” जोर्नाता म्हणजे रोज. दुसरा शब्द शोधूच नका.

निळाई:
मी मिलानजवळ राहते. इथे आल्यावर हे शब्द मला आधी स्वयंपाकघरात भेटले. इम्पास्तो म्हणजे मळलेला गोळा, पावाची कणीकसुद्धा इम्पास्तोच. जाड, मळल्यासारखा रंग लावला की चित्रातही तेच. स्फुमातोत ‘फुमो’ म्हणजे धूर आहे. भातात वाइन ओतून ती वाफेवर उडवायची, त्यालाही शेजारच्या आजी ‘स्फुमारे’ म्हणतात. लिओनार्दो दा विंचीनं रेघ अशीच उडवली. ओठाची कड कुठे संपते ते सापडत नाही, धुरात विरते. मुलांना चुलीचा धूर माहीत आहे, ‘धुरकट’ म्हणा.

सेक्कोसाठी इथलं उदाहरण घ्या. ‘शेवटचं भोजन’ हे येशू आणि त्याच्या शिष्यांचं चित्र लिओनार्दोनं 1495 ते 1498 या काळात सुक्या भिंतीवर काढलं, कारण त्याला सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवत काम करायचं होतं. ओला गिलावा तेवढं थांबत नाही. रंग त्याच्या हयातीतच सुटू लागला. शेवटची मोठी दुरुस्ती 1978 ला सुरू झाली ती 1999 ला संपली. चित्राच्या खोलीत पंधराच मिनिटं उभं राहू देतात. मला त्यातली बरीचशी मिनिटं फक्त पोपडे दिसत होते, मग हळूहळू हात दिसायला लागले.

मधलीसुट्टी:
एक शंका. आता सगळेच भिंतीवरच्या चित्राला फ्रेस्को म्हणतात. शाळेत एवढा काटेकोरपणा कशाला? ‘भित्तिचित्र’ म्हणून मोकळं व्हावं.

घाणीचा चुना:
भित्तिचित्र जरूर म्हणा, तो शब्द बरोबरच आहे. फ्रेस्को म्हणू नका. खरा फ्रेस्को ओल्या बोळ्यानं हलके पुसता येतो, सरसातला रंग पाण्यानं सुटतो. साफ करणाऱ्यानं शब्दावर विश्वास ठेवला तर चित्र जाईल. 1920 च्या सुमारास निजाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ अजिंठ्याला आणले. त्यांनी सुटता गिलावा पक्का केला, ते मोठं काम. पण वर दिलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं आणि ते काढणं नंतरच्यांच्या वाट्याला आलं.

ओल्या कामासाठी देशी शब्द हवा असेल तर राजस्थानात ‘आलागीला’ आहे. जयपूर, शेखावाटीच्या भिंती बघा.

सिनोपिया राहिलं: खालच्या खरबरीत थरावर गेरूनं काढलेला कच्चा आराखडा. काळ्या समुद्राकाठच्या सिनोप गावावरून त्या लाल मातीला नाव पडलं. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात इटलीतल्या पिसाच्या कांपोसांतो या जुन्या दफनभूमीतली भित्तिचित्रं होरपळली. ती वाचवायला भिंतीवरून उतरवली तेव्हा खालचे गेरूचे आराखडे उघडे पडले. पिसात आता त्यांचं वेगळं संग्रहालय आहे.

खडूफळा:
‘रोज’ वाचलं आणि मी काही वेळ गप्पच बसले. माझे वडील गवंडी होते. त्यांच्या खिशातल्या छोट्या वहीत भिंतींपुढे ‘रोज’च लिहिलेले असायचे. मी तो शब्द कधी फळ्यावर आणला नाही.

काल वर्गात माझी चूक सांगितली आणि मायकेलअँजेलोच्या छताचा फोटो लावून त्यातले रोज मुलांना समजावले. त्या मुलीला आता करूनच बघायचंय. शाळेमागच्या भिंतीवर दोन फूट चौकोन मिळालाय. चुना कळीचा आणून भिजवू का?

घाणीचा चुना:
मुलांसमोर कळीचा चुना अजिबात भिजवू नका. तो उकळतो, उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. काही महिने पाण्याखाली मुरलेला चुना मिळतो, तो घ्या. तरीही हातमोजे आणि चष्मे हवेतच. वाळू धुऊन चाळा. भिंत आदल्या रात्री भिजवा आणि सकाळी पुन्हा. रंगाला गेरू, पिवळी माती, कोळसा. प्रशियन निळा नको, चुना तो खातो. पहिल्या रोजाला वीतभर तुकडाच लिंपा.