मदत हवी आहे: आजोबांचं वाफेवर चालणारं खेळण्यातलं इंजिन, बॉयलर गळतो (नागपूर)

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे माझा आणि लांबणार आहे, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही म्हणून सगळंच लिहून राहिली.

माझे आजोबा मोतीबागच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्याकडे वाफेवर खरोखर चालणारं एक छोटं इंजिन होतं. रुळावरचं नाही, एका जागी बसून चाक फिरवणारं. लाल पत्र्याचा पाट, त्यावर आडवा पितळी बॉयलर, वर शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, बाजूला जड फ्लायव्हील, खालून स्पिरिटचा दिवा सरकवायचा. सगळं मिळून वीतभर. १९६० च्या आसपास वर्कशॉपमधले एक साहेब बदलून जाताना त्यांना देऊन गेले असं घरात सांगतात. दर रविवारी संध्याकाळी आजोबा ते अंगणात पेटवायचे आणि गल्लीतली पोरं जमायची, हे मी फक्त ऐकलेलं आहे, कारण माझ्या जन्माआधीच ते बंद पडलं. काकाने एकदा आजोबा घरी नसताना पेटवलं, पाणी संपलं ते त्याला कळलं नाही, आणि बॉयलर कोरडा तापत राहिला. त्यानंतर आजोबांनी ते धोतराच्या फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवलं ते ठेवलंच. काकाला रागावले नाहीत म्हणे, पण पुन्हा कधी काढलंही नाही.

आता घाई का, तर अक्षय तृतीयेला आजी-आजोबांच्या नावाने आमच्याकडे जेवण असतं आणि भंडाऱ्याहून आत्या येते. तिला ७९ वं सुरू आहे. मागच्या वेळी जाता जाता म्हणाली की ती शिट्टी पुन्हा एकदा ऐकायला मिळाली असती तर बरं झालं असतं. बस, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. हातात पाच आठवडे आहेत.

मी आतापर्यंत केलं ते असं. चाक जाम होतं. आजोबा एरंडेल तेल घालायचे असं आई म्हणते, ते सुकून गोंदासारखं घट्ट झालेलं. आठ दिवस रॉकेल लावलं, काही फरक नाही. मग दिव्यासाठी आणलेलं स्पिरिट कापसाने लावलं तर दोन दिवसात सगळं सुटलं! आता चाक बोटाने छान फिरतं आणि सिलिंडर डावा-उजवा डोलतो.

बॉयलरमध्ये साधं पाणी भरून ठेवलं तर एका टोकाच्या झाकणाच्या कडेने बारीक थेंब येतात. आतून पाणी पांढरट निघतं. इथल्या एका वेल्डिंगवाल्याकडे नेलं, त्याने हातात घेतल्या घेतल्या गॅसचा टॉर्च पेटवला, म्हणे दोन मिनिटात पितळ भरून देतो. मी घाबरून परत घेऊन आली. बरोबर केलं की चुकलं? आणि हे घरी पेटवण्यासारखं सुरक्षित होऊ शकतं का, ते नक्की कसं कळेल? मुलगी नऊ वर्षांची आहे, ती बाजूला उभी राहणारच. तुम्हाला माहीत असेल ते सगळं सांगा.

प्रतिसाद १

ताई, परत आणलं ते एकदम बरोबर केलं. तो टॉर्च लागला असता तर हे इंजिन गेलं असतं.

वर्णनावरून मामोडचं वाटतं. इंग्लंडात बर्मिंगहॅमला जेफ्री मॅलिन्स यांनी १९३७ मध्ये ही कंपनी काढली, मॅलिन्स आणि मॉडेल मिळून मामोड. पाटावर नावाचं चित्र अर्धं तरी शिल्लक असेल बघा. १९७० च्या दशकात त्यांनी स्पिरिटचे दिवे बंद करून इंधनाच्या वड्या आणल्या, तुमच्याकडे दिवा आहे म्हणजे त्याच्या आधीचं. बॉयलरच्या टोकावर एक छोटा पितळी स्क्रू आहे का? तो पाण्याची पातळी बघायचा. तो काढून ठेवायचा, वरून पाणी भरत जायचं आणि स्क्रूच्या भोकातून पाणी यायला लागलं की थांबायचं.

अशा खेळण्यांच्या झाकणांना साधं मऊ सोल्डर असतं. कथील-शिशाचं सोल्डर १८३ डिग्रीच्या पुढे वितळायला लागतं. आता घरचा कुकर डोळ्यासमोर आणा, त्यात साधारण एक किलो प्रेशरला पाणी १२० डिग्रीपर्यंत जातं. हे इंजिनही त्याच घरातलं. आत पाणी असेपर्यंत पितळ त्याच्या फार वर जात नाही, म्हणून सोल्डर टिकतं. पाणी संपलं की दिव्याची आच थेट पत्र्याला, आणि झाळ (सोल्डरचा सांधा) सुटली. तुमच्या काकांच्या हातून नेमकं हेच झालं.

झाळ पुन्हा पक्की होईपर्यंत एक काम करू नका, दिवा पेटवू नका. "जरा वाफ करून बघू कुठून गळतं" हा मोह सगळ्यांना होतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, थोडी भर घालतो. माझं स्वतःचं लेथचं काम आहे हिंगण्याला.

चांदीचं सोल्डर जास्त मजबूत म्हणून कोणी ते सुचवेल. त्याला ६०० डिग्रीच्या वर जावं लागतं, म्हणजे पूर्ण बॉयलर लाल. पितळ साधारण ९०० च्या पुढे वितळतं त्यामुळे जागा असते, पण जुनं शिसं थोडंही राहिलं असेल तर त्या उष्णतेला ते पितळात खात जातं आणि सांधा ठिसूळ होतो. वर रंगही जातो सगळा. मऊ सोल्डर होतं तिथे मऊ सोल्डरच करा, फक्त कथील-चांदीचं बिनशिशाचं घ्या, ते २२१ डिग्रीला वितळतं म्हणजे थोडी जास्त मोकळीक मिळते.

त्याच्या आधी आतला क्षार काढा. किराण्यात निंबू सत मिळतं ना, तेच सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात ग्लासाला एक चमचा. अर्धा तास ठेवायचं, ओतायचं, पुन्हा करायचं. रात्रभर ठेवू नका हो! ॲसिड पितळातलं जस्त ओढून घेतं आणि मागे गुलाबी, स्पंजासारखं तांबं राहतं, तो बॉयलर मग भरवशाचा नाही. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा.

सेफ्टी व्हॉल्व्हचे आटे पाव इंची आहेत, इंचाला २६. एखादा लेथवाला बघून एम-६ (सहा मिलिमीटरचे) म्हणेल आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवेल. फिरवू देऊ नका, जुने आटे गेले की संपलं.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. स्क्रू आहे! आणि पाटावर नावातली शेवटची दोन अक्षरं दिसतात.

निंबू सताचं आज केलं, तीन वेळा. पहिल्यांदा फसफसून पांढरं पाणी आलं, तिसऱ्यांदा जवळपास स्वच्छ. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, आजोबाही तेच घालत असतील. आतून टॉर्चने बघितलं, गुलाबी कुठे दिसलं नाही, पिवळंच आहे.

आई पितांबरी घेऊन बसली आहे चकचकीत करायला. करू देऊ का? माझं मन होत नाही. चिमणीला जी काजळी आहे ती आजोबांच्या दिव्याची आहे, आणि पाटाच्या एका कोपऱ्यातला रंग घासून गेला आहे तिथे त्यांचा अंगठा टेकत असणार असं मला सारखं वाटतं.

प्रतिसाद ३

मग घासू नका. आईला बॉयलरचं पितळ कोरड्या मऊ फडक्याने पुसू द्या, तेवढ्याने पुष्कळ उजळतं. नावाच्या चित्राला आणि लाल रंगाला पाणीसुद्धा लावू नका. गेलेला रंग पुन्हा मारून आणता येतो, मूळ रंग नाही.

मोतीबागला नॅरोगेजचं म्युझियम आहे ना, २००२ ला सुरू झालेलं, कडबी चौकाजवळ. लेकीला घेऊन जा एकदा. मोठ्या इंजिनात बॉयलर, सिलिंडर, सेफ्टी व्हॉल्व्ह सगळं डोळ्यांनी दिसतं आणि घरचं छोटं इंजिन पटकन समजतं. मोठ्यात वाफ आत-बाहेर सोडायला वेगळी यंत्रणा असते, तुमच्यात सिलिंडर स्वतःच डोलतो. एका बाजूला डोलला की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं, दुसरीकडे डोलला की बाहेर जायच्या भोकासमोर. म्हणून ती दोन पितळी तोंडं एकमेकांना सपाट चिकटली पाहिजेत. त्यावर ओरखडे असतील तर काचेवर १२०० नंबरचा पेपर ओला करून अगदी हलक्या हाताने, आठच्या आकारात फिरवा. बोटात धरून घासलं तर कडा गोल होतात.

प्रतिसाद २

आता परीक्षा. पेटवण्याआधी थंड पाण्याने करायची, ही पायरी गाळू नका. बॉयलर पाण्याने गच्च भरायचा, हवेचा बुडबुडाही नको. वाफेची नळी जिथे बॉयलरला लागते तिथे आणि शिट्टीच्या जागी बुच. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी ॲडॅप्टर, त्याला छोटा गेज आणि इंजेक्शनची पिचकारी. कामाच्या प्रेशरच्या दुप्पट न्यायचं, तुमच्यासाठी तीन किलो पुरे, आणि दहा मिनिटं काटा हलता कामा नये. पाणीच का, तर पाणी दाबलं जात नाही, सांधा सुटला तरी एक थेंब उडतो आणि प्रेशर संपतं. हवा भरून केलं तर तीच हवा स्प्रिंगसारखी सुटते आणि तुकडे अंगावर येतात.

ॲडॅप्टर मी करून देतो, पितळाचा तुकडा पडला आहे माझ्याकडे. त्याचे पैसे नको. व्यक्तिगत निरोप पाठवा.

धागाकर्ती

दादा, काय बोलू. निरोप पाठवला आहे.

धागाकर्ती (अठरा दिवसांनी)

सगळ्यांना सांगायचं राहूनच गेलं. झाळ झाली, बर्तन ओळीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी करून दिली. त्यांनी आधी जुनं सोल्डर पूर्ण पुसून काढलं, अर्धा दिवस त्यातच गेला, आणि मला सारखं विचारत होते की बाई, रंगाला आच लागून नाही ना राहिली. चिमणीजवळ ओलं फडकं गुंडाळून ठेवलं होतं त्यांनी.

मग दादांच्या वर्कशॉपमध्ये परीक्षा केली. पहिल्यांदा दोन किलोलाच काटा खाली यायला लागला, माझा जीव खालीवर. पण गळत होतं ते शिट्टीच्या वॉशरमधून! जुना फायबरचा वॉशर वाळून चिरला होता. नवीन टाकला, तीन किलोवर दहा मिनिटं काटा जागचा हलला नाही. लेकीने मोबाईलवर वेळ लावली होती.

आता तेलाचं सांगा. एरंडेल नको हे कळलं. घरात शिलाई मशीनचं आहे, आणि शेजारच्या काकांकडे गाडीचं गिअर ऑइल.

प्रतिसाद १

शिलाई मशीनचं फक्त फ्लायव्हीलच्या दांड्याला. सिलिंडरमध्ये ते वाफेने धुऊन जाईल. गिअर ऑइल नको, त्यात गंधकाचे पदार्थ असतात, गरम झाल्यावर ते पितळाला लागतात. स्टीम सिलिंडर ऑइल मागा, ४६० ग्रेडचं, काळपट मधासारखं असतं. लोहा ओळीत मशिनरीच्या तेलाची दुकानं आहेत, बॉयलर चालवणाऱ्या कारखान्यांना लागतं म्हणून मिळून जाईल.

पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या, पेट्रोल पंपावर मिळतं. आणि स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही हे लेकीला आधी दाखवून ठेवा. विझला असं वाटून दिव्यात पुन्हा स्पिरिट ओतलं की भडका उडतो. पूर्ण थंड होऊ द्या, मगच भरा. संध्याकाळीच पेटवा. दिव्यातलं स्पिरिट बॉयलरमधल्या पाण्याच्या आधी संपेल एवढंच भरायचं, म्हणजे काकांचा प्रसंग पुन्हा येणार नाही.

धागाकर्ती (अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी)

चाललं!!

काल सगळ्यांची जेवणं झाली, ऊन उतरलं, मग अंगणात पाट ठेवून पेटवलं. पाच-सहा मिनिटांनी सिलिंडरमधून पाण्याचे शिंतोडे उडायला लागले, मी बोटाने चाकाला दोन-तीन धक्के दिले आणि ते निघालं. आवाज मी कल्पना केली होती त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक, टिकटिक टिकटिक असा. काका आले होते. खुर्ची ओढून अगदी जवळ बसले आणि शेवटपर्यंत पाण्याच्या स्क्रूकडेच बघत होते.

शिट्टी मात्र वाजेना. मी दांडी ओढली तर नुसती फुस्स. पुन्हा ओढली, पुन्हा फुस्स. मला रडूच यायचं बाकी होतं. तर आत्या म्हणाली, अगं थांब, घाई करून राहिली तू. बाबा आधी चाक बोटाने धरायचे, मग वरच्या व्हॉल्व्हमधून वाफ निघायला लागली की तेव्हा ओढायचे. चाक धरलं, वाफ साठली, सेफ्टी व्हॉल्व्ह फुरफुरायला लागला तशी तिने स्वतःच हात पुढे करून दांडी ओढली.

शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी वाकून बघितलं एवढी वाजली.

दिवा विझेपर्यंत तिने चार वेळा वाजवली. आता पुढच्या रविवारी परत पेटवायचं ठरलं आहे, आत्या तोवर इथेच राहते आहे. हिंगण्याचे दादा, तुम्ही पण या संध्याकाळी, पत्ता निरोपात पाठवते.