मदत हवी आहे : तासगाव-विट्याचे अ‍ॅडॅप्टर सर्व्हरवरून कॉन्फिग घेत नाहीत

हळद_यार्ड (सांगली): ऑफिसात अ‍ॅडॅप्टर (साधा फोन इंटरनेटवर चालवणारा डबा) लावला की लगेच कॉन्फिग (सेटिंगची फाइल) घेतो. तेच तासगावच्या कोल्ड स्टोरेजला आणि विट्याला पाठवले, तर जुनंच एक्स्टेन्शन (आतला फोन नंबर) धरून बसलेत. फाइल बदलली, रीबूट करायला लावलं, फरक शून्य. बेदाण्याचे सौदे तोंडावर आलेत, लवकर सांगा.

मिरज_नेटवर्क: मॉडेल कोणतं? फाइल टीएफटीपीने आणता की एचटीटीपीने (फाइल आणायच्या दोन पद्धती)? सर्व्हरचा पत्ता अ‍ॅडॅप्टरला कळतो कुठून?

हळद_यार्ड: ग्रँडस्ट्रीम एचटी८०२, टीएफटीपी. पत्ता ऑफिसच्या राउटरमधून, डीएचसीपी ऑप्शन ६६ (राउटर आयपी देतानाच सर्व्हरचा पत्ताही सांगतो). ऑफिसात चालतंय म्हणजे फाइल बरोबरच आहे ना!

कराड_आयटी: कशाला हा खटाटोप? अ‍ॅडॅप्टर काढा, सगळ्यांच्या मोबाइलवर सॉफ्टफोन (कॉलचं अ‍ॅप) टाका.

विटा_केबल: कोल्ड स्टोरेजच्या आत मोबाइलला रेंज मिळत नाही, साहेब. हळदवाले दादा, राउटरवर यूडीपी ६९ (टीएफटीपीचं पोर्ट) सर्व्हरकडे फॉरवर्ड करा, होऊन जाईल.

मिरज_नेटवर्क: नुसतं ६९ उघडून भागत नाही. विनंती ६९ वर येते, पण सर्व्हर उत्तर दुसऱ्याच पोर्टवरून देतो आणि तिकडच्या राउटरचं नॅट (आतले-बाहेरचे पत्ते बदलणारी सोय) ते अडवतं. एचटीटीपीच वापरा. पण खरी गोम वेगळी आहे. पत्ता फक्त ऑफिसच्या राउटरमध्ये आहे. तासगावचा राउटर ऑप्शन ६६ देतच नाही, मग अ‍ॅडॅप्टर तुमच्याकडे येणार कसा? ऑफिसला स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) आहे का?

हळद_यार्ड: आहे. पण आता तिथं कोण जाणार?

मिरज_नेटवर्क: जायला नको. तिथल्या माणसाला रिसीव्हर उचलून *** दाबायला सांगा. मेनू लागला की १४ (कॉन्फिग सर्व्हर), मग सर्व्हरचा आयपी बारा आकड्यांत, टिंब न देता. २०३.०.११३.२५ असेल तर २०३०००११३०२५. नंतर १५ (फाइल आणायची पद्धत), एचटीटीपी ऐकू येईपर्यंत ९ दाबायचं. शेवटी ९९ आणि ९, रीबूट. ९९ नंतर मॅक अ‍ॅड्रेस (अ‍ॅडॅप्टरचा ओळख क्रमांक) मात्र दाबू देऊ नका, फॅक्टरी रीसेट होतो. आणि फाइलमध्ये पी२३७ ला (सर्व्हरच्या पत्त्याची जागा) हाच पत्ता लिहा (आधी एचटीटीपी वगैरे न लावता), पी२१२ ला (पद्धतीची जागा) १, म्हणजे एचटीटीपी. म्हणजे पत्ता कायमचा बसेल.



कराड_आयटी:  पण सिप पासवर्ड (फोन-खात्याचा) उघड्या एचटीटीपीवरून जाणार, ते बघा. एचटीटीपीएस (कुलूपबंद एचटीटीपी) करा.

मिरज_नेटवर्क: बरोबर आहे, पण आधी फाइल पोचू दे. आणि एचटीटीपीएसला जाताना एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) बघा. अ‍ॅडॅप्टरचं घड्याळ चुकीचं असलं की सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) नाकारलं जातं.

हळद_यार्ड: तासगाव झालं! विटा नाही. लॉगमध्ये ४०४ (फाइल सापडली नाही) येतंय.

मिरज_नेटवर्क: फाइलच्या नावात मॅक अ‍ॅड्रेस कॅपिटलमध्ये आहे का? स्टिकरवर तसाच छापलेला असतो. अ‍ॅडॅप्टर मागतो स्मॉल अक्षरांत. सर्व्हर लिनक्सचा असेल तर त्याला त्या दोन वेगळ्या फाइली.

हळद_यार्ड: हो, कॅपिटलच होतं. बदललं, विटाही लागलं. दर वेळी रीबूटसाठी फोन करावा लागेल का?

मिरज_नेटवर्क: नाही. अ‍ॅडॅप्टर रजिस्टर असेल तर अ‍ॅस्टरिस्कवरून (फोन-सर्व्हरवरून) चेक-सिंकचा नोटिफाय (नवी फाइल बघ असा निरोप) पाठवा, नॅटमागेही पोचतो. अ‍ॅडॅप्टर रीबूट होतो, चालू कॉल तुटू शकतो. सौदे सुरू असताना पाठवू नका.