साडेचार वर्षांचा मुलगा बोलताना अडकतोय, वाट बघू की थेरपिस्टकडे नेऊ?

अबोली२२:
थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मुलगा साडेचार वर्षांचा. बोलायला लवकर लागला, तिसऱ्या वर्षी तर दिवसभर टकळी चालू असायची. साधारण दहा महिन्यांपूर्वी "म म म मला" असं सुरू झालं, आम्हाला वाटलं घाईत बोलतो म्हणून होतंय. मधे पंधरा पंधरा दिवस एकदम छान बोलायचा, वाटायचं गेलं, की परत सुरू. पण महिन्याभरापासून वेगळंच दिसतंय, तोंड उघडतो आणि आवाजच फुटत नाही, डोळे घट्ट मिटतो, मान झटकतो, मग कुठे शब्द बाहेर येतो. परवा काहीतरी सांगायला आला, अडकला आणि "जाऊदे" म्हणून निघून गेला. ते जाऊदे माझ्या डोक्यातून जातच नाहीये. नवरापण लहानपणी अडखळायचा म्हणे, आता अगदी क्वचित, त्यामुळे सासूबाई म्हणतात ह्याचंही आपोआप जाईल. मी "सावकाश बोल, श्वास घे" म्हटलं की चिडतो. गाणं म्हणताना एकदाही अडकत नाही, मग हे मनाचं आहे का? घरात दोन भाषा आहेत त्याने झालं का? की माझंच काही चुकलं?

मेघमल्हार:
ताई, माझी मुलगी याच वयाची होती तेव्हा आम्ही लिडकम प्रोग्रॅम केला, सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, ऑस्ट्रेलियात सिडनीला तयार झालेला. यात रोजचं काम आईबाबांनी करायचं असतं, आठवड्यातून एकदा थेरपिस्टकडे जायचं आणि ती आपल्यालाच शिकवते. रोज १०-१५ मिनिटं खेळताना, मुलगी न अडकता बोलली की "किती छान आलं" असं सहज म्हणायचं. अडकण्याबद्दल बोलायचं ते फार क्वचित आणि तेही हळुवार. शिवाय रोज रात्री ० ते ९ मधला एक आकडा लिहायचा, ० म्हणजे अजिबात अडखळली नाही. मी पहिल्या आठवड्यात उत्साहाने इतकं कौतुक केलं की ती कानावर हात ठेवून "आई बास" म्हणाली :( थेरपिस्टने बघितल्यावर कळलं की मी तिचं बोलणं तोडून कौतुक करत होते. म्हणून सांगते, वाचून घरच्या घरी सुरू करू नका. आम्हाला वर्षाच्या वर लागलं.

स्वरयंत्र:
मी स्पीच थेरपिस्ट आहे. सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, १०० पैकी साधारण ५ मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात आणि त्यातल्या बहुतेकांचं जातं, मोठेपणी १०० मध्ये एखाद्यालाच राहतं. पण कोणाचं राहील हे आधी नक्की सांगता येत नाही. मुलगा असणं, घरात आधी कोणाला असणं, साडेतीन वर्षांनंतर सुरू होणं, वर्षभर टिकणं, यात राहण्याची शक्यता वाढते, आणि तुम्ही लिहिलंय त्यात यातलं बरंच आहे. शिवाय डोळे मिटणं, मान झटकणं म्हणजे तो शब्दाशी झगडायला लागलाय, आणि जाऊदे म्हणजे बोलणं टाळायला. आता वाट बघू नका.
तुमचं काही चुकलेलं नाही हे मला ठळक सांगायचंय. विसाव्या शतकाच्या मध्यात वेंडेल जॉन्सन या संशोधकाचं मत खूप चाललं होतं, की आईवडील मुलाच्या साध्या अडखळण्याला तोतरेपणा म्हणतात म्हणून तो होतो. कितीतरी आयांनी ते ओझं वाहिलं. आज आपल्याला माहितीये की याच्या मुळाशी मेंदूतली बोलण्याची जुळणी आणि आनुवंशिकता आहे, २०१० मध्ये याच्याशी जोडलेली काही जनुकंही (जीन्स) सापडली. दोन भाषांमुळे होत नाही, एकही बंद करू नका. गाण्यात लय आणि शब्द आधीच ठरलेले असतात म्हणून अडकत नाही, त्यावरून ते मनाचं आहे असं ठरत नाही.
"सावकाश बोल" बंद करा, तुम्ही स्वतः सावकाश बोला, त्याचं संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर द्या, शब्द त्याच्या तोंडचा काढून घेऊ नका. आणि घरातले व्हिडिओ काढून न्या, चांगल्या दिवसाचेही, क्लिनिकमध्ये मुलं बरेचदा अजिबात अडकत नाहीत.

पायवाट:
मी ३४ वर्षांचा, अजून अडखळतो. मेघमल्हारताईंना चूक म्हणत नाही, लहान मुलांना त्याने फायदा होतो, फक्त न अडकता बोलणं म्हणजेच छान असं त्याच्या मनात बसू देऊ नका. माझ्या घरी हा विषयच काढायचे नाहीत, मला वाटायचं काहीतरी लाजिरवाणं आहे. मग मी शब्द बदलायला शिकलो, येणारं उत्तर माहीत नाही म्हणायचो, हजेरीला स्वतःचं नाव येईपर्यंत घाम फुटायचा. बाहेरून कोणाला कळायचंही नाही मी तोतरा आहे. मोठेपणी थेरपीत शब्द बदलायचा नाही, अडकला तर जोर न लावता हळूच बाहेर यायचं हे शिकलो, आणि त्याहून जास्त म्हणजे अडकत अडकत पूर्ण बोलायचं. त्याला सरळ सांगा, कधी कधी शब्द अडकतो, असू दे, मी थांबते.

अबोली२२:
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना रडले. काल परत अडकला, मी काम ठेवून त्याच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं "शब्द अडकला ना रे, असू दे, मला ऐकायचंय." माझ्याकडे बघत राहिला आणि मग सगळं सांगितलं, चार ठिकाणी अडकून. गुरुवारची वेळ मिळालीये. दोन व्हिडिओ काढून ठेवलेत, नवरापण येणारे.