मदत हवी आहे: किल्ली काढली तरी इंजिन चालूच राहतं (मर्सिडीज ३०० टीडी, १९८४)

नेकारकाठ:

नमस्कार मंडळी,

गाडी घरासमोर लावतो, किल्ली फिरवून काढतो, मुलं दप्तरं घेऊन उतरतात आणि इंजिन आपलं धडधडतच राहतं. आधी दोन-तीन सेकंद चालायचं, आता मोजून बारा. परवा पावसात तर थांबलंच नाही. शेवटी बॉनेट उघडलं आणि इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपावरची ‘स्टॉप’ लिहिलेली कळ अंगठ्याने दाबून धरली, तेव्हा गप्प झालं. पुढच्या महिन्यात तपासणी आहे (इथे सगळे तिला ट्यूफच म्हणतात). त्याआधी हे मुळापासून बरं करायचंय. वरवरचा उपाय नको.

गाडी कोणती ते सांगतो. मी स्टुटगार्टजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडून १९८४ ची ३०० टीडी टर्बोडिझेल घेतली. डब्ल्यू १२३ मालिकेतली लांब पाठीची कोम्बी. नावातला ‘टी’ म्हणजे ‘टूरिस्टिक उंड ट्रान्सपोर्ट’, सहल आणि सामान. १९७७ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ही पहिल्यांदा दाखवली आणि पुढे ब्रेमेनच्या कारखान्यात बनायला लागली. पाच सिलिंडर, २९९८ सीसी, १२५ पीएस. तीस वर्षांवरची असल्याने ‘एच’ पाटी (जतन केलेल्या जुन्या गाड्यांची नंबरप्लेट) मिळाली आहे. वर्षाला १९१.७३ युरो ठरलेला कर, आणि जुन्या डिझेल गाड्यांना बंद असलेल्या शहराच्या भागातही जाता येतं. ही पाटी नसती तर मला स्टुटगार्टात शिरताच आलं नसतं.

पण ही मी कागदं बघून घेतलेली नाही. वडिलांनी तासगाव-सांगली मार्गावर बरीच वर्षं वडापची ट्रॅक्स (जीपसारखी प्रवासी गाडी) चालवली. त्या ट्रॅक्सचं इंजिन म्हणजे मर्सिडीजचं ओएम ६१६, चार सिलिंडर, २३९९ सीसी. माझ्या गाडीत ओएम ६१७ आहे. बोअर (सिलिंडरची रुंदी) तोच, ९०.९ मिलिमीटर. स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच, ९२.४. फक्त एक सिलिंडर जास्त आणि वर टर्बो. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनी ही सुरू केली तेव्हा मी अंगणातच थांबलो. पहाटे सहाला आमच्या दारात असाच आवाज व्हायचा. पाचव्या सिलिंडरमुळे याची लय थोडी वेगळी आहे, तरी घराणं तेच.

आता बिघाड. मला समजलंय ते असं. पेट्रोल गाडीत ठिणगी तोडली की इंजिन बंद. डिझेलला ठिणगीच नाही, त्यामुळे डिझेल तोडावं लागतं. या गाडीत ते काम व्हॅक्यूम करतो, म्हणजे हवा खेचून तयार केलेली ओढ. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक व्हॅक्यूम पंप आहे, कारण डिझेलच्या इनटेकमध्ये पेट्रोलसारखी ओढ तयार होत नाही. पंपाची जाड नळी ब्रेकच्या बूस्टरला (पेडलला जोर देणाऱ्या डब्याला) जाते आणि तिच्यातूनच बारीक नळ्या फुटतात. एक किल्लीच्या कुलुपामागच्या व्हॉल्व्हला, तिथून तपकिरी-निळ्या पट्ट्याची नळी डिझेल पंपाच्या मागच्या शटऑफला (डिझेल तोडणाऱ्या डबीला). किल्ली बंद केली की तो व्हॉल्व्ह ओढ शटऑफपर्यंत सोडतो, आतला डायफ्राम (रबरी पडदा) दांडा खेचतो आणि डिझेल थांबतं. दुसरी नळी सेंट्रल लॉकिंगला. दारं, मागचं झाकण, डिझेल टाकीचं झाकण, सगळी कुलुपं याच ओढीवर. म्हणजे मागच्या दाराचं रबर चिरलं तरी पुढे इंजिन बंद होत नाही!

माझी निरीक्षणं:

रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी लॉकिंग अजिबात चालत नाही, एकेक दार हाताने उघडावं लागतं. इंजिन दोन मिनिटं चाललं की पुन्हा चालतं. ब्रेकचं पेडल मात्र नेहमीसारखं मऊ आहे. आणखी एक गोष्ट, हिचा याच्याशी संबंध आहे का माहीत नाही. मागची बाजू हल्ली फार कडक झाली आहे. गतिरोधकावर मागच्या सीटवरची मुलं उसळतात. सामान भरलं तर गाडी बसते आणि इंजिन सुरू केल्यावर पुन्हा उचललीही जाते, पण धक्के तसेच.

इथल्या एका गॅरेजमध्ये गेलो. ते म्हणाले, लॉकिंगच्या नळीला बूच मारून टाका, इंजिन बंद व्हायला लागेल. होईलही. पण मला ते पटत नाही. चाळीस वर्षांत रबर झिजलं, त्यात बनवणाऱ्याचा काय दोष? ज्यांनी एका पंपावर ब्रेक, कुलुपं आणि इंजिन एवढं सगळं बसवलं, त्यांच्या कामाचा अर्धा भाग बुचाने बंद करायचा नाही. गळती शोधायची कशी, सुरुवात कुठून करायची, एवढं जाणकारांनी सांगावं. जूनमध्ये आई-बाबा येणार आहेत आणि बाबांना याच गाडीतून फिरवायचं आहे.

आगाऊ धन्यवाद.

ट्रॅक्सवाला सातारा:

नेकारकाठ भाऊ, वाचून लई बरं वाटलं. मी वीस वर्षं ट्रॅक्स आणि टेम्पो ट्रॅव्हलरची इंजिनं खोलतोय. तुमची गाडी हाताखालून गेली नाही, पण पंपाकडचं सांगतो.

पहिलं काम फुकटातलं. शटऑफवरून ती तपकिरी-निळी नळी काढा आणि तिच्या तोंडात पांढरी चिंधी घालून फिरवा. चिंधीला काळं तेल लागलं तर शटऑफचा डायफ्राम फाटलाय. डिझेल पंपात इंजिन ऑइल असतं, ते फाटक्या पडद्यातून नळीत ओढलं जातं आणि पुढची सगळी रबरं फुगवतं. तेल असेल तर आधी शटऑफ बदला, मगच बाकीचं. नवीन रबरं आधी टाकलीत तर तीही महिन्यात जातील.

ब्रेक मऊ आहेत हे बरं लक्षण आहे, पण त्यावर विसंबू नका. पेडल जरा जरी कडक लागलं तर गाडी उभी करायची. मुलं घेऊन फिरता.

अनुराधा_ब्रेमेन:

मी अशीच एक, पण टर्बो नसलेली, चालवते. काकांनी सांगितलेली चिंधी आधी. नंतर हातपंप लागेल, दाबाचं घड्याळ असलेला, ब्रेक ब्लीड करायला (त्यातली हवा काढायला) वापरतात तो. बाजारात सहज मिळतो.

संपूर्ण व्यवस्था एकदम तपासायला जाऊ नका, वेड लागायची पाळी येते. अर्धी करत चला. शटऑफच्या तोंडाला थेट हातपंप लावा आणि ५०० मिलिबार ओढा. काटा मिनिटभर जागचा हलला नाही तर शटऑफ चांगला. मग लॉकिंगकडे जाणारी नळी तिठ्यावरून काढा आणि त्या तोंडात गोल्फची प्लास्टिकची टी खुपसा (बारीक नळीला ती नेमकी बसते). इंजिन सुरू करून बंद करा. झटकन बंद झालं तर गळती लॉकिंगमध्ये आहे. तुमच्या वर्णनावरून मला तसंच वाटतं. लॉकिंगला मागे व्हॅक्यूमची एक टाकी आहे, इंजिन बंद असतानाही तिच्या जोरावर कुलुपं काही वेळा उघडझाप व्हायला हवीत. तुमची रात्रीत रिकामी होते.

त्यापुढे एकेक दार. कोम्बीत मागच्या झाकणापासून सुरुवात करा. तिथली नळी बिजागरापाशी वाकते आणि दिवसातून दहा वेळा झाकण उघडतं.

मागच्या कडकपणाचा याच्याशी संबंध नाही. तो वेगळा विषय आहे आणि तुम्हीच अर्धं निदान केलं आहे. मागे स्टीलच्या स्प्रिंगा मूळ वजन पेलतात आणि इंजिनावर चालणारा हायड्रॉलिक पंप वरचं ओझं उचलतो. सामान भरल्यावर गाडी उठते, म्हणजे पंप ठीक, आणि अँटिरोल बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला) जोडलेला उंचीचा व्हॉल्व्हही ठीक. उरले दोन गोळे. त्यांच्या आत पडद्यापलीकडे नायट्रोजन असतो, खरी मऊपणाची उशी तीच. वर्षांनुवर्षं तो झिरपून जातो आणि मग तेल दाबायला जागाच उरत नाही, म्हणून मुलं उसळतात. दोन्ही गोळे एकदम बदला. आधी ब्लीडचा स्क्रू उघडून दाब सोडा, आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही जाऊ नका. तेल त्याच व्यवस्थेचं खनिज हायड्रॉलिक तेल, ब्रेक ऑइल चुकूनही नको.

आणि बूच मारायचं नाही म्हणालात, त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

नेकारकाठ:

आठ दिवसांनी लिहितोय, उशीर झाला.

काका, चिंधी कोरडी निघाली. ताई, शटऑफने ५०० मिलिबार दोन मिनिटं धरलं. मग टी खुपसली, किल्ली फिरवली आणि इंजिन तिथल्या तिथे बंद! मुलगी शेजारी बसली होती, तिने टाळ्या वाजवल्या.

शनिवारी मागच्या झाकणाचं आतलं आवरण काढलं. नळीचं प्लास्टिक शाबूत होतं, पण तिला कुलुपाच्या डायफ्रामशी जोडणारा रबराचा कोपरा बोटात धरताच शिळ्या भाकरीसारखा मोडला. आतल्या बाजूला आधीपासूनच भेग होती, नखाएवढी. तो कोपरा सव्वा युरोला मिळाला. नवा बसवला, तरी हातपंपाचा काटा हळूहळू उतरतच होता. मग डावं मागचं दार उघडलं. तिथे डायफ्रामच गेला होता, तोही बदलला. रविवारी रात्री दारं लावली, सोमवारी सकाळी इंजिन सुरू न करता कुलूप उघडलं आणि चारही दारांच्या खुंट्या एकदम वर आल्या. तो एकत्र ‘टक’ आवाज मी तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

गोळे मागवले आहेत, पुढच्या शनिवारी बसवीन.

एक नवीन शंका. बाबांना व्हिडिओ कॉलवर इंजिन ऐकवलं. ते म्हणाले, फोन खाली धर. मग बराच वेळ गप्प. नंतर म्हणाले, ‘डिझेल फवारणारा एक नोझल टकटकतोय. पाइपाची नटं एकेक सैल करून बघ, ज्यावर टकटक थांबेल तो.’ केलं. तिसरा निघाला. काका, नोझल काढल्यावर खालची वॉशर तीच परत लावली तर चालते का?

ट्रॅक्सवाला सातारा:

नाही. दर वेळी नवीच टाकायची, जुनी एकदा दबलेली असते, परत नीट बसत नाही आणि गॅस गळतो. पाचही काढताय तर पाचही नव्या. नटं सैल करताना चष्मा घालत जा, त्या पाइपात दाब मोठा असतो. आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा.