सागरी हद्दीवर जीव गेलेल्या खलाशांसाठी जेट्टीवर शोकसभा घ्यावी का?

खाडीकाठचा: 6 नोव्हेंबरला संध्याकाळी जेट्टीवर जमायचं असं आमच्या पोरांनी ठरवलंय. 2021 ला याच तारखेला गुजरातमधल्या ओख्याच्या ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानी जवानांनी गोळीबार केला आणि आपल्या पालघरच्या वडराईचा खलाशी गेला. त्याच्यासाठी आणि हद्द ओलांडली म्हणून पकडले जाऊन कराचीच्या जेलमध्ये वारलेल्या सगळ्यांसाठी. हीच पोरं सीझनच्या आधी ओखा, पोरबंदर, वेरावळला निघालेल्यांच्या आधारची झेरॉक्स, फोटो, बोटीचा नंबर, तांडेलचा (बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा) मोबाईल सगळं वहीत उतरवून घेतात आणि कुणी पकडला गेला की घरच्यांबरोबर पोलीस स्टेशनला खेटे घालतात. गावात काही जण म्हणतात मदत करा पण शोकसभा कशाला. मला तर दोन्ही पाहिजे. तुम्ही सांगा.

बंदरावरचा: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बोटीवर जीपीएस असतो, पाकिस्तानच्या हद्दीची लाईन कुठाय ते तांडेलला दिसतं, तरी चांगली मासळी मिळते म्हणून पुढे जातात आणि मालकही गप्प बसतो. हार घातले की मालक सुटला. शोकसभेपेक्षा मालकाच्या दारात बसा, पकडलेल्यांचा पगार चालू ठेवायला लावा.

तलासरीची लेक: दादा, तांडेलला दिसतं, खलाशाला कुठे विचारतात? आमच्या पाड्यावरचे पोरगे उचल म्हणजे पगाराचे पैसे आगाऊ घेऊन जातात, ती आधीच घरात खर्च झालेली असते, मग बोट कुठे न्यायची ते त्यांच्या हातात नसतं. आणि लाईन लाईन म्हणता, पण कच्छजवळच्या सर क्रीक खाडीचाच वाद मिटलेला नाही म्हणून त्याच्या पुढची समुद्रातली हद्दसुद्धा दोन्ही देशांनी मिळून आखलेली नाही. पकडतात समुद्रात आणि सोडतात पार पंजाबात, अटारी-वाघाला. मधली वर्षं बायकोने काय करायचं, मुलांना बाप कुठाय म्हणून सांगायचं? 2024 च्या मार्चमध्ये डहाणू तालुक्यातला खलाशी कराचीच्या जेलमध्ये वारला तर मयत घरी यायला महिना उलटला. तेवढे दिवस त्या घरात काय झालं असेल याचा विचार करा. अशा वेळी चार माणसं ओट्यावर येऊन नुसती बसली तरी लागतं.

बंदरावरचा: ताई ओट्यावर बसायला माझी ना नाही. जेट्टीवर माईक लावायला आहे. माईक आला की पुढारी येतो, पाकिस्तानला चार शिव्या देतो, फोटो काढतो आणि जातो. तिकडे जेलात असलेल्यांना त्याचा त्रास झाला तर?

दर्याकिनारी: इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ 3 ऑक्टोबर 2013 ला आफ्रिकेतून येणाऱ्यांची बोट बुडाली, 368 माणसं गेली. पहिले धावले ते आसपासच्या छोट्या बोटीवाले. तिथे दरवर्षी लोक जमतात आणि 2016 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून तो स्मरणदिवस केला. जमत राहिले म्हणून विषय विसरला गेला नाही.

बंदरावरचा: ते लोक देश सोडून निघालेले, आपले कामावर गेलेले. तुलना नको.

दर्याकिनारी: दोघंही पोटासाठीच दर्यात गेले ना?

कागदवाला: मी वहीच्या कामात असतो म्हणून लिहितो. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. पण यादीत नाव आलं म्हणजे माणूस घरी आला असं होत नाही, राष्ट्रीयत्वाची खात्री करायला चौकशी गावापर्यंत येते, आणि आधारवर एक नाव, पाड्यावर दुसरं असलं की तिथेच घोळ होतो. सुटकेसाठी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती होती, ती शेवटची 2013 मध्ये गेली पाकिस्तानात. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्री कायद्याच्या 73 व्या कलमात लिहिलंय की आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात, मासेमारीच्या गुन्ह्याला देशादेशांत तसा करार नसेल तर जेल देता येत नाही, भारत-पाकिस्तान दोघांनी तो कायदा मान्य केलाय, तरी इकडेही तिकडेही खलाशी आत आहेतच. हे सगळं मोठ्याने विचारायला एक दिवस पाहिजे. लोक एरवी ऐकायला जमत नाहीत हो, मयताला जमतात. माईक नको हे बंदरावरच्यांचं मला पटतं.

खाडीकाठचा: माईक रद्द. नावं वाचायची, घरच्यांची हरकत नसेल तरच. आणि गुजरातच्या जेलात असलेल्या पाकिस्तानी खलाशांसाठीही दोन शब्द बोलायचे असं पोरांचं म्हणणं आहे.

बंदरावरचा: ते मला अजिबात मान्य नाही, ज्या घरात गोळी लागली त्या घराला आधी विचारा. मालकांकडे जायचं ठरलं तर मात्र मला फोन करा, दोघा-तिघांना मी ओळखतो, सोबत येतो.

तलासरीची लेक: त्या घरी बायका जाऊन विचारतील. तुम्ही वहीत घरच्या बाईचा नंबरपण घ्यायला लागा, बोटीवरचा फोन तर पहिला जप्त होतो.