पोलंडमध्ये स्पीडवे बघायला जायचंय: वॉर्सॉची ग्रां प्री धरावी की लीगचे सामने?

डावं_वळण:

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये दोघांनी खास स्पीडवे बघायला पोलंडला जायचं ठरतंय. हाताशी नऊ दिवस, निघणार पुण्याहून. खेळाची तोंडओळख आहे: एका हीटला म्हणजे छोट्या शर्यतीला चार जण, चार फेऱ्या, ब्रेक नसलेली पाचशे सीसीची मोटरसायकल आणि सगळी वळणं डावीकडे. पण स्टेडियमवर बसून सामना कधी बघितलेला नाही.

वॉर्सॉला ग्रां प्री म्हणजे जागतिक अजिंक्यपदाची फेरी असेल तर त्याच तारखेभोवती सहल बांधावी का? की छोट्या गावांतले लीगचे सामने बघावेत? लीगचे बघायचे तर मुक्काम कुठे टाकावा, तिकिटं कशी काढायची आणि रात्री परतायचं कसं, हे कृपया सविस्तर सांगा. विसाबद्दलही वाचायला आवडेल. आमच्यापैकी एक जण पूर्ण शाकाहारी आहे.

पाचशे_सीसी:

लीगच धरा. ग्रां प्री वाईट असते म्हणून नव्हे, पण वॉर्सॉचं नॅशनल स्टेडियम मुळात फुटबॉलचं आहे. स्पीडवेसाठी तिथे बाहेरून माती आणून थोडक्या दिवसांत तात्पुरता ट्रॅक रचतात. वर्षानुवर्षं वापरातल्या ट्रॅकची माती जशी बसलेली असते, तशी ती बसत नाही. 2015 साली तिथे पहिली ग्रां प्री झाली तेव्हा स्टार्टला रायडर्ससमोर ताणलेली फीत उचलणारी यंत्रणा बिघडली, ट्रॅकबद्दल रायडर्सच्या तक्रारी आल्या आणि 12 हीटनंतर शर्यत थांबवावी लागली. पुढे काम पुष्कळ सुधारलं, आणि भरलेल्या स्टेडियमचा गजर ऐकण्यासारखा असतोच. पण चुरस बघायची तर कायमच्या ट्रॅकवर, घरच्या संघासाठी गाव लोटलेलं असताना.

वरची लीग म्हणजे एक्स्ट्रालीगा. संघ 8, हंगाम एप्रिल ते सप्टेंबरअखेर, आधी सामन्यांच्या 14 फेऱ्या आणि मग प्ले-ऑफ म्हणजे बाद फेरी. जगातले बहुतेक अव्वल रायडर इथे खेळतात. सहा वेळचा जगज्जेता बार्तोश झ्मार्झलिकसुद्धा. तुम्ही मे-जून निवडलात ते उत्तम केलंत. प्ले-ऑफला कोण कुठे खेळणार हे निकालांवर ठरतं, त्यामुळे भारतातून आगाऊ बेत करता येत नाही.

सामने बहुतेक शुक्रवारी आणि रविवारी असतात. दुसऱ्या श्रेणीच्या लीगचे सामने शनिवारीही मिळतात. नीट जुळवलंत तर एका शनिवार-रविवारला धरून तीन सामने होतात, म्हणून नऊ दिवसांत दोन शनिवार-रविवार बसतील अशीच विमानाची तिकिटं काढा. मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धांमुळे काही आठवडे लीगला सुट्टी असते. आधी कॅलेंडर, मग विमान.

आणखी एक गोष्ट. फेरी कुठल्या आठवड्यात आहे हे हंगामाआधीच कळतं, पण सामना शुक्रवारी की रविवारी आणि किती वाजता, हे टीव्हीच्या सोयीने नंतर पक्कं होतं. त्यामुळे हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या आणि आतल्या रेल्वेची तिकिटं वेळ जाहीर झाल्यावरच काढा.

मुक्कामासाठी दोन पट्टे सोयीचे आहेत. एक टोरुन्यचा: टोरुन्य, ग्रुजाँत्स आणि बिदगोश्च ही तिन्ही स्पीडवेची गावं एकमेकांपासून तासाभराच्या अंतरात. दुसरा पश्चिमेचा: पोझनान किंवा व्रोत्स्वाफला राहायचं, दोन्हींच्या मधल्या रेल्वेमार्गावर लेश्नो आहे. गॉझुफ आणि झ्येलोना गुरा त्याच्या आणखी पश्चिमेला. कुठला संघ कुठल्या श्रेणीत आहे हे दरवर्षी बदलतं, तेवढं तपासून घ्या. लुब्लिन वॉर्सॉपासून रेल्वेने दोनेक तासांवर आहे, पण तिथलं स्टेडियम मागणीच्या मानाने लहान आणि बरीचशी जागा हंगामी पासवाल्यांकडे असते. तिकीट हातात आल्याशिवाय लुब्लिनवर बेत उभारू नका.

कोथरूडकर:

विसाचं सांगतो. शेंगेनचा अल्प मुदतीचा विसा लागेल. मुंबईत पोलंडचं वाणिज्य दूतावास कार्यालय आहे, अर्ज मात्र व्हीएफएस या विसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि 15 दिवसांपेक्षा उशीर चालत नाही. निर्णयाला साधारण 15 दिवस, पण 45 पर्यंत लांबू शकतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे अपॉइंटमेंटलाच गर्दी असते, म्हणून मे-जूनसाठी फेब्रुवारी-मार्चलाच हात घाला.

प्रवास विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोचं आणि सगळ्या शेंगेन देशांत लागू असलेलं हवं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान 3 महिने चालणारा, गेल्या 10 वर्षांतला आणि दोन कोरी पानं असलेला. अर्जासोबतच्या पत्रात सामन्यांच्या तारखा आणि गावं दिवसवार लिहा. हॉटेलांच्या तारखा आणि हे वेळापत्रक यांचा मेळ बसलाच पाहिजे. मधली एखादी रात्र मोकळी राहिली की शंका तिथेच निघते.

बर्लिनला उतरून पश्चिमेच्या पट्ट्यात शिरणं सोपं पडतं, गॉझुफ तर बर्लिनपासून जवळच आहे. तसं केलंत तरी जास्त रात्री पोलंडमध्ये असतील तर अर्ज पोलंडकडेच करायचा. सीमेवर तपासणी होऊ शकते, पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. वॉर्सॉलाच उतरायचं तर दिल्लीहून लॉट या पोलिश विमान कंपनीची थेट सेवा बघा.

चलन युरो नाही, झ्वॉटी. एका झ्वॉटीचे साधारण 23 ते 25 रुपये धरा. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, पण स्टेडियमबाहेरच्या टपऱ्यांसाठी माणशी 100 झ्वॉटी सुटे ठेवा. एटीएम किंवा कार्डमशीन ‘रुपयांत आकारू का’ असं विचारतं, तिथे नाही म्हणून झ्वॉटीच निवडा. रुपये निवडले की मशीनवाल्याचा चढा दर लागतो.

मुक्काम_पोझनान:

रेल्वेत नवख्या माणसाची गफलत ठरलेली असते, म्हणून तेच आधी. एकाच मार्गावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या धावतात: पीकेपी इंटरसिटी, पोलरेजिओ आणि प्रांतांच्या आपापल्या. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. फलाटावर आधी आलेली गाडी बघून चढलात, तर दिशा बरोबर असूनही दंड भरावा लागतो. तिकिटावर कंपनीचं नाव आणि गाडीचा क्रमांक बघा. कोलेओ ॲपवर बऱ्याच कंपन्यांची तिकिटं एकत्र मिळतात.

बोर्डावर ‘पेरोन’ आणि ‘तोर’ असे दोन आकडे असतात. पेरोन म्हणजे फलाट, तोर म्हणजे रूळ. पेरोन 3, तोर 6 असं असेल तर तिसऱ्या फलाटावर जाऊन सहा नंबरच्या रुळाकडे उभं राहायचं. (स्पीडवेच्या ट्रॅकलाही पोलिशमध्ये तोरच म्हणतात. खेळाचं नाव झुझेल. झुझेल म्हणजे भट्टीत जळून उरलेला खडीसारखा चुरा. पूर्वी ट्रॅक त्याचेच असत.)

रात्री परतण्याचं गणित नीट करा. शुक्रवारचे सामने साधारण सहा आणि साडेआठच्या सुमारास सुरू होतात. सामना दोन तासांचा धरा, कोणी पडलं किंवा कुंपणाची हवेची गादी फाटली की त्याहून जास्त. साडेआठचा सामना संपेपर्यंत लहान गावातली शेवटची गाडी बहुधा गेलेली असते. उशिराच्या सामन्याला त्याच गावात मुक्काम ठेवा. लवकरच्या सामन्याला लेश्नोहून पोझनानला परत येता येतं, गाडी पाऊण तासाच्या आसपास घेते आणि स्टेडियमपासून स्टेशन चालत गाठता येतं.

टोरुन्यला दोन स्टेशनं लक्षात ठेवा. टोरुन्य ग्वूव्ने हे मुख्य स्टेशन विस्तुला नदीच्या पलीकडे, टोरुन्य म्यास्तो जुन्या शहराला जवळ. मोटोअरेना हे स्पीडवेचं स्टेडियम मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, जुन्या शहरातून बस किंवा टॅक्सी करा. तो रस्ता पेर योन्सन यांच्या नावाचा आहे. स्वीडनचा हा 1990 चा जगज्जेता टोरुन्यकडून खेळताना 1994 मध्ये पडला आणि कायमचा चाकाच्या खुर्चीला खिळला. टोरुन्य त्याला विसरलं नाही. तिथे जाल तेव्हा रस्त्याच्या पाटीपाशी दोन मिनिटं थांबा.

रविवारी पोलंडमध्ये बहुतेक दुकानं बंद असतात. ‘झाब्का’ची छोटी दुकानं बरीच उघडी असतात, पण पाणी, फळं, ब्रेड शनिवारीच घेतलेलं बरं.

शाकाहारी माणसासाठी: स्टेडियमवर मुख्य राज्य सॉसेजचं. त्यातून झापिएकांका मिळते, म्हणजे उभा चिरलेला लांब पाव, वर मश्रूम आणि चीज. ‘बेझ मेन्सा’ म्हणजे बिनमांसाची असं आवर्जून सांगा. गावात पिएरोगी रुस्किए घ्या, आत बटाटा आणि पनीरासारखं चीज असतं. पण वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून ‘बेझ स्क्वारेक’ म्हणा. आणि सूर्यफुलाच्या बिया! झुझेल बघताना बिया सोलत बसणं हा तिथला रिवाजच आहे. सामना संपला की पायऱ्यांवर टरफलांचा थर पडलेला असतो.

डावं_वळण:

सगळ्यांचे मनापासून आभार. टोरुन्य आणि पोझनान असे दोन मुक्काम धरतोय. आता तिकीट काढताना कुठली जागा निवडावी? आणि पाऊस आला तर काय होतं?

पाचशे_सीसी:

तिकिटं प्रत्येक क्लबच्या आपापल्या संकेतस्थळावर असतात. काही ठिकाणी पेसेल म्हणजे पोलिश नागरिक क्रमांक विचारतात. तो तुमच्याकडे नसणार, पासपोर्टचा पर्याय शोधा, नसेल तर क्लबला साध्या इंग्रजीत ईमेल करा. पाहुण्या संघाचा विभाग चुकूनही घेऊ नका, त्याचं फाटक वेगळं आणि पोलीस वेगळे. टोरुन्य-बिदगोश्च किंवा गॉझुफ-झ्येलोना गुरा अशा वैरी गावांच्या सामन्याला तिकीट आधी संपतं आणि बंदोबस्त कडक असतो. कपडे कुठल्याच संघाच्या रंगाचे नकोत.

जागा: पहिलं वळण जिथे संपतं त्या बाजूला, वरच्या ओळीत. तिथून स्टार्टची फीतही दिसते आणि वळणावरची ढकलाढकलही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला खालच्या ओळी स्वस्त असतात, पण चौघं तिरके होऊन वळले की मागच्या चाकाची ओली खडी थेट अंगावर येते. तिथे बसायचंच तर डोळ्यांना चष्मा हवा आणि कॅमेरा झाकलेला हवा. कानात बोळे दोघांनीही घाला.

आत शिरल्याशिरल्या कार्यक्रमपत्रिका विकत घ्या, पेन सोबत न्या. त्यात 15 हीटचा तक्ता असतो, कोण कुठल्या गेटवरून म्हणजे स्टार्टच्या जागेवरून, कुठल्या रंगाच्या हेल्मेटने सुटणार ते छापलेलं. यजमानांना लाल आणि निळं, पाहुण्यांना पांढरं आणि पिवळं. गुण 3, 2, 1, 0. म्हणजे हीटला 6, सामन्याला 90 आणि 46 झाले की जिंकलं. आजूबाजूचे लोक प्रत्येक हीटनंतर रकाना भरताना दिसतील. शून्याच्या जागी अक्षरं येतात ती अशी: ‘डे’ म्हणजे गाडी बंद पडली, ‘ऊ’ म्हणजे पडला, ‘वू’ म्हणजे पंचांनी बाद केलं, ‘ते’ म्हणजे फितीला शिवला. आकड्यावर चांदणी असेल तर तो रायडर आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे आला, त्याला बोनस. तो संघाच्या बेरजेत धरत नाहीत. शेवटच्या दोन हीटची नावं कोरी असतात, ती संघ आयत्या वेळी ठरवतात. दोन हीटआधी दोन गुणांचा फरक असला की तिथला जीव टांगणीला लागतो.

फीत उचलायच्या आधी रायडरच्या बुटांकडे लक्ष द्या. दोन मिनिटांच्या घड्याळात प्रत्येक जण आपल्या गेटमधली माती टाचेने उकरून, दाबून मागच्या चाकाला पकड करून घेत असतो. हीटमागून हीट होताना सैल माती बाहेरच्या कडेला सरकत जाते. सुरुवातीला आतली रेघ जिंकून देते, सामना पुढे सरकला की बाहेरून जाणाऱ्याला त्या मातीत पकड मिळते आणि तो वेगाने येऊन तिघांना मागे टाकतो. म्हणून मध्ये ट्रॅक्टर ट्रॅक सपाट करतो आणि पाण्याची गाडी फिरते तेव्हाही जागेवरून उठू नका. कुठे पाणी जास्त पडलं, कुठे माती ओढली, यावर पुढच्या हीट ठरतात. बिया घेऊन बसा, खाणं सामन्याआधी उरका.

पाऊस हा या खेळाचा खरा शत्रू. ओली माती चाकाखाली चिकटते, खड्डे पडतात आणि ब्रेक नसलेल्या गाडीवर ते जिवावर बेततं. एक्स्ट्रालीगात सामन्याआधी ट्रॅकवर ताडपत्री घालायची सोय असते, तरी वळणांवर पाणी शिरलं तर पंच सामना पुढे ढकलतात. टोरुन्यला प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर आहे, ट्रॅकवर नाही. तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा तेच तिकीट नव्या तारखेला चालतं, हॉटेल-रेल्वेचे मिळत नाहीत. म्हणून दोन सामन्यांच्या मधले दिवस लांबच्या सहलींनी भरू नका. मोठी छत्री बहुतेक ठिकाणी फाटकावर ठेवून घेतात, पातळ रेनकोट न्या.

कोथरूडकर:

एक राहिलं. परतताना वॉर्सॉत अर्धा दिवस असेल तर तिथलं कोल्हापूरचं स्मारक बघा. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे हजारो पोलिश निर्वासित, त्यात कितीतरी बायका-मुलं, काही वर्षं राहिली होती, त्याची ती आठवण. पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या जामसाहेबांच्या नावाचा ‘भल्या महाराजांचा चौक’ही त्याच शहरात आहे. दोन्ही ठिकाणं आधी नकाशात खूण करून ठेवा, शोधण्यात वेळ जाणार नाही.